बोर्डावरची हिरवी कामं

"बोर्डावर माझी कामं लाल दिसली, तर सर मला काढतील गं," हेमांगी रडवेली झाली होती. सासूबाई दवाखान्यात, त्यामुळे ती दोनलाच ऑफिसातून निघायची. मग मृदुला हेमांगीच्या खात्यातून ऑनलाइन बोर्डावर शिरायची आणि तिची कामं उरकून हिरवी करायची. पासवर्ड हेमांगीनंच दिलेला. "तुझंच नाव ठेवलंय. विसरणार नाहीस!"

सासूबाई बऱ्या झाल्या. सोमवारी सबनीस सरांनी जाहीर केलं, नवा टीम लीड कोण, ते बोर्ड बघून ठरवणार. शुक्रवारी भिंतीवर पूर्ण कामांचे आकडे झळकले: हेमांगी एकशे बारा, मृदुला अडतीस.

"घरी आजारपण असून एवढं काम! हेमांगी, टीम लीड तुम्हीच. मृदुला, शिका जरा."

मृदुलानं हेमांगीकडे पाहिलं. आता बोलेल, मग बोलेल. हेमांगीनं आधी ओढणी सारखी केली.

"थँक्यू सर. मृदुलाचीही थोडी मदत झाली हं."

टाळ्या पडल्या. मृदुलानंही वाजवल्या, चार जास्तच.

जागेवर येऊन तिनं हेमांगीचं खातं उघडायला घेतलं, आपल्या हातची कामं एकदा बघावीत म्हणून. पासवर्ड म्हणून स्वतःचं नाव टाकलं.

"हा पासवर्ड सोमवारी बदलला आहे," स्क्रीननं कळवलं.