चांदणीचा तबला

मिरजेला तबला घ्यायला आलेल्या रत्नप्रभाबाई दुकानात पाय ठेवताच म्हणाल्या, "दिलावरभाई, आधी मला ती शेळी दाखवा."

दिलावरभाई हसले. हल्ली बरीच गिऱ्हाइकं असंच म्हणायची. ते त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेले. शेवग्याच्या सावलीत एक पांढरी शेळी अर्धवट डोळे मिटून रवंथ करत होती.

"ही चांदणी. हिच्या कानाची कणभर कातडी घेतली. तबल्याचं चामडं त्या कणातूनच प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत वाढवलं, दुधावर साय धरते ना, तसं."

रत्नप्रभाबाईंनी शेळीच्या उबदार पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या जैन घरात चामड्याचं वाद्य कधी आलं नव्हतं. लहानपणापासून त्या पाटावर, पिठाच्या डब्यावर, झोप येत नसली की उशीवर बोटं वाजवत आल्या होत्या. आता सत्तरी उलटली होती आणि बोटं सांध्यांत वाकली होती.

दिलावरभाईंनी तबला-डग्गा आणून त्यांच्यापुढे ठेवला. "वाजवून बघा की."

"इथं? हिच्यासमोर?" त्यांचा हात वरच थांबला. "हिला लागलं तर?"

"नाही हो बाई. तिला काय कळतंय?"

तरी त्यांनी बोट अगदी हलकेच टेकवलं. गोल, ओलसर नाद उठला आणि अंगणभर तरंगत राहिला. चांदणीचे कान ताठ झाले. ती उठली, संथपणे जवळ आली आणि रत्नप्रभाबाईंच्या गुडघ्याला टेकून बसली. त्यांचे डोळे भरून आले.

"जोरात झालं तर सांग हं," त्या तिला म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा हात डग्ग्यावर ठेवला.