मोराचं डोकं

“अहो, मोराचं डोकं कुठाय?”

त्यानं किल्ली लावली होती, फिरवायचीच बाकी होती. सकाळभर घरीच खपून इंजिनातला कार्बन खरवडला, सगळं पुन्हा बसवलं, तोच लेकीला कळा सुरू झाल्या. ती मागच्या सीटवर कण्हत होती आणि बायकोचं आपलं भलतंच! नातवंडाच्या दुपट्यासाठी जपलेली तिची मऊसूत साडी त्यानं पुसायला फाडली होती. मोर विणलेल्या पदराच्या काळ्या चिंध्या ती अजून मांडीवर जुळवत बसली होती.

“मरू दे तो मोर!” तो खेकसला, आणि त्याचा हात थिजला. खरवडलेला चुरा आत पडू नये म्हणून इंजिनाच्या तोंडात त्यानं त्याच पदराच्या चिंधीचा एक बोळा कोंबला होता. तो काढायचाच राहिला होता. किल्ली फिरली असती तर गाडी दारातच मेली असती.

घामेजल्या हातातून पाना निसटत होता. मागून लेक किंचाळली. अखेर पकडीत मोराचं डोकं आलं, काळंकुट्ट.

गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

“बाळासाठी ठेवली होती हो,” बायको पुटपुटली.

कळ ओसरल्यावर लेकीनं ती चिंधी मागून घेतली. “असू दे गं, आई. जन्माआधीच तीट लागली बाळाला.”