तंगडतोड

"काही बिलबिल भरायचं राहिलंय का गं?" पन्नाशी ओलांडलेल्या आईने चपलांकडे बघत विचारलं.

"आई, वर्ष झालं, आपलीच काय, शेजाऱ्यांचीही बिलं मी फोनवर लावून दिलीत. तुझी तंगडतोड कायमची वाचली!"

"गुणाची गं माझी," आई हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली.

भेटायला आलेली मावशी डोळे पुसत म्हणाली, "डॉक्टरांनी चालायला बजावलं होतं. पण बिनकामाचं हिंडायची तिला लाज वाटायची. म्हणून एकेका दिवशी एकेक बिल घेऊन निघायची. घरची संपली की शेजाऱ्यांची मागून न्यायची."

लेकीने दाराजवळच्या आईच्या चपला उचलून जवळ घेतल्या.



"मावशी, आईला मीच घरी बसवलं गं."