बिनवासाची पावडर

सकाळी मी मेकअपचा ड्रॉवर एकदाचा रिकामा केला. मुदत संपलेल्या लिपस्टिक, सुकून खडा झालेलं काजळ, गुलाबाच्या वासाची ती जुनाट पावडर, सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलं. नवी पावडर बिनवासाची. एकाही मुक्या जिवाला न दुखवता बनवलेली.

ती लावून आईच्या खोलीत गेले. आई सगळ्यांना विसरली, पण माझा चेहरा तेवढा ओळखते, असं मी मोठ्या बहिणींना टेचात सांगायचे.

रोजच्यासारखं तिने माझं तोंड जवळ ओढलं, गालाला नाक लावून खोल श्वास घेतला. मग हात सोडून, अंग चोरून भिंतीकडे सरकली.

"बाई, जरा बाहेर बसता का?" ती म्हणाली. "माझी धाकटी यायची वेळ झालीय."