शनिवारचा फोन

दर शनिवारी दुपारी साईनाथचा फोन यायचा आणि दिशा खोटं बोलायची. आज फोन आला नाही, दाराची बेलच वाजली.

समोर साईनाथ. हेल्मेट हातात, शीळफाट्याची सगळी धूळ शर्टावर, आणि त्या शर्टाला इस्त्रीचा पत्ता नाही.

"उर्वी आहे का हो, ताई?"

"आहे ना," दिशा म्हणाली. सवयच ती, जीभ आपोआप वळली. "आत झोपलीय. डोकं दुखत होतं तिचं."

त्याने बूट काढेपर्यंत तिने बेडरूमचं दार ओढून घेतलं.

उर्वी तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. साईनाथशी लग्न करून ठाण्याला गेली. दिशा डोंबिवलीतच राहिली. आईचं करता करता लग्नाचं राहूनच गेलं. आई गेल्यावर घरात बोलायला उरला तो टीव्ही. मग एक दिवस उर्वीने सांगितलं, ऑफिसातल्या एकाशी तिचं जमलंय. "शनिवारी तुझ्याकडे असते असं घरी सांगितलंय. साईनाथचा फोन आला तर सांभाळून घे गं."

दिशा चिडली होती. नवरा काय वाईट होता? पण उर्वी नाही तर दुसरं होतं कोण तिला? घेतलं सांभाळून.

सुरुवातीला उर्वी परतताना खरंच डोकावायची, वडापाव घेऊन. नंतर नुसता फोन. मग तोही बंद झाला, नंबरच लागेना. असली लफडी करणारी माणसं नंबर बदलतातच, दिशाने स्वतःची समजूत घातली. आपण सांभाळून घेतोय तोवर ती आपली आहे, येईल कधीतरी. आज हे उघडं पडलं तर मात्र संपलंच. उर्वी जन्मात तोंड दाखवणार नाही.

"झोपू दे मग," साईनाथ आवाज खाली आणत म्हणाला. "फोन बिघडलाय माझा. म्हटलं, वागळेतल्या कंपनीतनं सुटलोच आहे तर येऊन विचारतो."

एवढंच विचारायला ठाण्याहून डोंबिवली? ह्याला नक्की काहीतरी कळलंय. तिने चहा टाकला, साखर दोनदा घातली.

"जेवली का ती?"

"हो. पिठलं-भात केलेला."

"कांदा जास्त लागतो तिला पिठल्यात."

"घातलेला."

खोट्यात आता कांदासुद्धा घालावा लागत होता.

साईनाथ हसला. किती बारीक झालाय हा, दिशाला वाटलं. घरी लक्ष द्यायला उर्वीबाईंना वेळ कुठे!

"माझ्याबद्दल बोलते का कधी?"

"बोलते ना. म्हणते, स्वभावाने गरीब आहे. कधी आवाज चढवत नाही."

त्याने मान डोलावली आणि चहाचा घोट घेतला. दिशाला त्याची फार कीव आली, आणि स्वतःचीही लाज वाटली. इतक्या चांगल्या माणसाला आपण दर आठवड्याला फसवतोय. पण खरं सांगितलं तर जगात आपलं म्हणायला कोणीच उरणार नाही, तेही तिला दिसत होतं.

कप ठेवून साईनाथ उठला आणि सरळ बेडरूमकडे वळला. दिशा धावत जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली.

"साईनाथभाऊ, नका ना उठवू तिला. आत्ताच डोळा लागलाय."

तो थांबला.

"घाबरू नका, ताई. आत कोणी नाही, माहितीय मला." त्याने बेडरूमच्या दाराशेजारी ठेवलेलं हेल्मेट उचललं, बूट घातले आणि दारात उभा राहून तो म्हणाला, "उर्वी मला सोडून गेली त्याला दोन दिवाळ्या झाल्या. पण मी विचारलं की तुम्ही म्हणता ना, आहे म्हणून. तेवढं म्हणत जा."