डकोटाचा दम

उत्तरेतल्या मानक नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, सुबोधकडे चहाला आलेले पाहुणे डोळे मिटून ऐकत होते. जुन्या डकोटा विमानाची इंजिनं, सुबोधने म्हणे स्वतः धावपट्टीवर टिपलेली. फोनमधून घरघर उठली, अडखळली, मग एका लयीत गाऊ लागली.

“पापा, ये तो आप बाथरूम में मुँह से निकालते हो!” लेक वेदिका म्हणाली.

सगळे हसले. सुबोधच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मान खाली घालून त्याने फोन बंद केला.

घरघर चालूच राहिली. कपातला चहा थरथरू लागला.

“अहो, पुरे करा आता. लाज आणलीत तेवढी बस,” बायको मुक्ता पुटपुटली.

सुबोधने तर दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. हात काढून त्याने श्वास घेऊ पाहिला.

इंजिनं त्याच्या छातीत गातच होती. श्वास काही आत येईना.