कोरडा पाव

अमेरिकेतल्या आमच्या कॉलेजात सराव लांबला की मेस बंद व्हायची, त्यामुळे टेरेल माझ्याकडे इतिहास शिकायला उपाशीच यायचा. शनिवारी त्याचा फुटबॉल पाहायला सगळं गाव लोटायचं. त्या दिवशी मी त्याच्यासाठी पाव नेला. त्याने उघडून पाहिला. “सर, लोणी लावलंय?” “थोडंसं. का रे?” “नुसता पाव चालतो. लोणी लावलं की नियमाने ते जेवण झालं. कॉलेजच्या खेळाडूंनी कुणाकडे फुकट जेवायचं नाही, खेळावर पैसे कमवायचे नाहीत. सापडलो तर शनिवारी बाहेर बसवतात.” “इथे कोण बघतंय? खा गुपचूप.” “तुमचं काय जातंय, सर. माझी फी त्याच खेळावर माफ आहे.” ओळखपत्राच्या कडेने त्याने सगळं लोणी खरवडलं आणि कोरडा पाव दोन घासांत संपवला. मग माझ्या उघड्या कोटातून दिसणाऱ्या जर्सीवरचा स्वतःचा खेळाडू-नंबर पाहून हसला. “कॉलेजच्या दुकानातला ना? केवढ्याला पडला, सर?” मी कोटाची बटणं लावली.